एका पायडलाची सायकल

सायकल गेली तेव्हा शिवणबाई पंपवाल्याच्या ओसरीत बसून पोलक्याला बाह्या जोडत होती. सकाळपासून ती तिथंच होती. समोर पाटावर हातानं फिरवायचं मशीन, उजवीकडे कापडाचा ढीग, डावीकडे कात्री. पंपवाल्याच्या विहिरीत अजून पाणी होतं, म्हणून त्या वस्तीवर दिवसभर माणसांची रीघ. डबे, घागरी, हंडे घेऊन लोक यायचे, रांग लावायचे, नंबरावरून भांडायचे, भरून न्यायचे. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली होती. बसल्या जागेवरून तिला फक्त मागचं चाक दिसायचं. जेवायच्या आधी पाहिलं तेव्हा चाक होतं. शेवटची बाही जोडून, दोरा दातानं तोडून तिनं मान वर केली तेव्हा नव्हतं.

"काकू, माझी सायकल कुणी हलवली का?"

पंपवाल्याची बायको आत धान्य पाखडत होती. "कोण हलवणार? असेल तिथंच. बघ की उठून."

सहा वर्षं ती या घरी शिवायला येत होती. सायकल गोठ्याशी थांबवायची, भिंतीला हात धरून चार पावलं टाकायची आणि ओसरीवर बसायची. एकदा बसली की संध्याकाळपर्यंत उठायची नाही. पाणीसुद्धा बेतानं प्यायची. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. चालताना डाव्या हाताचा तळवा गुडघ्यावर दाबून पाय पुढे रेटावा लागे, आणि प्रत्येक पावलाला सगळं अंग एका बाजूला कलंडे. तशी ती आता अंगणात आली. गोठ्यामागे गेली, उकिरड्याकडे गेली, परत आली. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

"अगं बाई," पंपवाल्याची बायको सूप हातात घेऊन दारात आली होती, "तुझा पाय असा आहे? इतकी वर्षं येतेस, कधी बोलली नाहीस."

"बोलण्यासारखं काय होतं त्यात?"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, मघाशी एक जण सायकलला दोन्हीकडून डबे लटकावून कालव्याच्या वाटेनं गेला. हातात धरून चालला होता. आम्हाला वाटलं त्याचीच.

"हातात धरून?"

"हो. पाण्यानं भरलेले डबे. बसणार कसा?"

शिवणबाई खाली बघत राहिली. डबे रिकामे असते तरी त्याला बसता आलं नसतं.

ती सायकल तिच्या बापानं केली होती. बाप लोहार. ती चौदा वर्षांची होईपर्यंत तो तिला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. मग एका उन्हाळ्यात त्यानं कुणाची तरी मोडकी बायकी सायकल आणली, डावं पायडल दांड्यासकट काढून टाकलं आणि त्या बाजूला सांगाड्यालाच एक खुंटी बसवली. खुंटीवर वीतभर पत्रा, त्यावर वाळका पाय ठेवायचा. उजव्या पायडलाला चामड्याचा पट्टा, म्हणजे पाय खाली दाबायचा तसा वरही ओढता यावा. आठ दिवस तो मागून धावला. नवव्या दिवशी धावायचा थांबला आणि तिला ते कळलंच नाही. तेव्हापासून सव्वीस वर्षं. चाकं बदलली, सीट बदलली, टायर तर किती झिजले त्याची गणती नाही. सांगाडा आणि खुंटी तीच राहिली. मशीन मागं बांधून ती बारा वस्त्या फिरायची, आणि त्यातल्या निम्म्या वस्त्यांवर ती लंगडी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ती कडब्याच्या गाडीतून घरी आली. मशीन मांडीवर. गाडीवानानं तिला उचलून वर ठेवलं. आधी विचारलंसुद्धा नाही, पोतं उचलावं तसं काखेत हात घालून उचललं.

*

घरात चार माणसं. बाप, ती, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ विहिरी खोल करणाऱ्या टोळीत होता. पाऊस दोन वर्षं कमी झालेला, त्यामुळे ज्याची त्याची विहीर खोल करायची घाई. सुरुंग उडाले की भाऊ खाली उतरून दगड बादलीत भरायचा. संध्याकाळी यायचा तेव्हा पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ असायची.

बाप भट्टीच्या खोलीत खाटेवर बसला होता. गाडीचा आवाज ऐकून म्हणाला, "आज सायकल वाजली नाही."

"गेली, अण्णा."

"कुठं गेली?"

"चोरली कुणीतरी."

म्हाताऱ्यानं विचारलं, "पट्टा नवा घातला होतास ना?" ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर खाडा करून तिला चौकीवर घेऊन गेला, शेजाऱ्याच्या सायकलवर मागं बसवून. हवालदार चहा पीत होता.

"खुणा सांगा."

"हिरवा रंग. उडालाय बराच. मागं लाकडी फळी, मशीनसाठी. डावं पायडल नाही."

हवालदारानं लिहिता लिहिता मान वर केली. "नाही म्हणजे? मोडलंय?"

"नाहीच. पहिल्यापासून."

"मग चोरानं नेली कशी?" तो हसला आणि आतल्या माणसाला म्हणाला, "ऐकलंत का? एका पायडलाची सायकल चोरीला गेलीय. चोर पण लंगडा बघायला लागणार." मग त्याची नजर तिच्या पायाकडे गेली. त्यानं कप खाली ठेवला आणि पुढचं सगळं फार भराभर लिहून घेतलं. "सापडली की कळवतो, ताई."

परतताना भाऊ म्हणाला, "तो काही शोधणार नाही. मीच शोधतो."

पुढचे चार रविवार तो कालव्याच्या काठानं फिरला. जिथं पाणी तिथं सायकली. शंभरेक तरी, सगळ्यांवर डबे, सगळ्या धुळीनं एकाच रंगाच्या. तो वाकून प्रत्येकीची डावी बाजू बघायचा. चौथ्या रविवारी लोकांना संशय आला. हा कोण रांगेतल्या सायकली चाचपतो? दोघांनी गचांडी धरली, एकानं कानाखाली वाजवली. तो सांगत होता, माझ्या बहिणीची सायकल हरवलीय, डाव्या बाजूला खुंटी आहे. खुंटीचं ऐकून ते जास्तच चिडले, त्यांना वाटलं थट्टा करतोय.

घरी आला तेव्हा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला होता.

"काय झालं?"

"काही नाही. काट्यात अडकला."

शिवणबाईनं सदरा घेतला. काट्यानं फाटलेलं कापड आणि ओढून फाटलेलं कापड तिला वेगळं कळत होतं. तिनं शिवून दिला. "आता जाऊ नकोस," एवढंच म्हणाली.

*

सायकल नव्हती, म्हणून वस्त्या बंद झाल्या. गावात शिवण फारसं नव्हतंच. ज्यांच्याकडे होतं ते म्हणायचे, पाऊस होऊ दे, मग बघू. मशीनवर तिनं चादर घातली.

भावजय वाईट नव्हती. पण घरात एक माणूस दिवसभर बसलेलं दिसलं की हात आपोआप त्याच्याकडे काम सरकवतात. आधी लसूण आला. मग धान्य निवडणं. मग, "वन्सं, बसल्याच आहात तर एवढी भांडी विसळता का?" मग भावजय पाण्याला जाताना बाहेरून कडी लावून जाऊ लागली.

"कडी कशाला लावतेस?"

"शेळ्या आत येतात हो. तुम्हाला उठून हाकलायला जमायचं नाही."

"मी घरात आहे ना?"

"तेच म्हणते मी. तुम्ही कुठं जाणार आहात?"

तिनं ते सहज म्हटलं होतं. शिवणबाई त्या दिवशी कडीच्या दाराकडे पाठ करून बसली. बारा वस्त्यांवरच्या बायकांची मापं तिला पाठ होती. छाती, खांदा, बाही. निवडता निवडता ती एकेकीचं माप मनात म्हणत राहिली, आणि पाच-सहा दिवसांनी तिला एका घरातल्या सुनेच्या खांद्याचं माप आठवेना.

बापाच्या कानावर हे सगळं जात होतं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, दोन वर्षांपासून भट्टी बंद होती. एक दिवस त्यानं मुलाला बोलावलं. "भंगारवाल्याकडे सांगाडा बघ. चाकं कशीही असू दे. सांगाडा सरळ पाहिजे."

"अण्णा, तुमच्यानं होईल का?"

"भाता तू मार. बाकी मी बघतो."

भंगारवाल्याकडे बायकी सायकल नव्हती, आडव्या दांड्याची होती. बापानं दांडा कापून खाली वाकवून घेतला. तीन दिवस भट्टी पेटली. भाऊ पहाटे कामावर जायच्या आधी दोन तास भाता मारायचा. शिवणबाई भिंतीशी बसून सांडशी, घण, सांध्यात वितळवायचं पितळ हाताशी देत होती. म्हातारा लोखंडाच्या इतका जवळ जायचा की भुवया करपल्याचा वास यायचा. "लाल झालं का?" तो विचारायचा. "झालं," भाऊ म्हणायचा. "कसं लाल? वीट की डाळिंब?" भावाला लाल म्हणजे लाल.

चौथ्या दिवशी खुंटी बसली. म्हाताऱ्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. भावजय म्हणाली, "आता वन्सं पुन्हा उंडारायला मोकळ्या," आणि स्वतःच चहा ठेवायला गेली.

पहिला दिवस बरा गेला. ती गावातल्या गावात दोन फेऱ्या मारून आली. चाक जरा डुगडुगत होतं, सीट उंच होती, पण वारा तोंडावर आला. दुसऱ्या दिवशी मशीन बांधलं आणि जवळच्या वस्तीला निघाली. गाव संपतं तिथं पिठाची गिरणी. गिरणीसमोर उतार सुरू होतो, तिथं तिनं अंग डावीकडे तोललं आणि खुंटी निसटली. मुळातूनच. वाळका पाय चाकात गेला नाही एवढंच. ती मशीनसकट आडवी झाली. मशीनचं हँडल वाकलं. मनगट सोललं, हनुवटी फुटली. गिरणीतून पिठानं पांढरी झालेली माणसं धावत आली आणि तिला उचलताना परकर नीट करू लागली, तसा तिनं त्यांचा हात झटकला.

बापानं तुटलेली खुंटी हातात घेतली. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"आत पकडच नाही. नुसतं वरून चिकटलं होतं."

त्यानं खुंटी खाली ठेवली.

"रंग दिसला नाही मला," तो म्हणाला.

"राहू द्या, अण्णा. लागलं नाही फार."

त्यानं ऐरणीवर गोणपाट टाकलं आणि भात्याची दोरी सोडून तिची नीट गुंडाळी केली. संध्याकाळी भाऊ आल्यावर त्याला म्हणाला, "भाता कुणाला पाहिजे असेल तर देऊन टाक. वाळून चिरा पडतील."

*

तीनचाकीचं टोळीच्या मुकादमानं सांगितलं. सरकार अपंगांना फुकट वाटतं, हातानं फिरवायची. बाजाराच्या गावी नाव नोंदवायचं.

"मी अपंग नाही," शिवणबाई म्हणाली.

भाऊ जमिनीकडे बघून बोलला. "ताई, मी तसं कुठं म्हणतोय? गाडी मिळते म्हणून म्हणतो."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भावजय पाण्याला गेली आणि बाहेरून कडी लागली. त्या संध्याकाळी ती भावाला म्हणाली, "उद्या खाडा कर."

दवाखान्यात डॉक्टरनं पाय दोन ठिकाणी मोजला, वाकवला, सोडला. कागदावर साठ टक्के लिहिलं. बाहेर आल्यावर भावानं कारकुनाला विचारलं, "साठ म्हणजे चांगलं का?"

"चाळीसच्या वर गाडी मिळते," कारकून म्हणाला. "साठ म्हणजे उत्तम."

वाटपाच्या दिवशी मैदानात मांडव होता. पंचवीस गाड्या ओळीनं, सगळ्या निळ्या, पाठीवर खात्याचं नाव पांढऱ्या अक्षरात. माणसं खाली सतरंजीवर. तिच्या शेजारी एक रेडिओ दुरुस्त करणारा बसला होता. दोन्ही पाय गुडघ्यापासून नाहीत, शर्टाला कडक इस्त्री.

"पहिल्यांदा का, ताई?"

"हो."

"माझी तिसरी. ऐका, चेन रोज तेल मागते आणि लोक रोज कहाणी मागतात. दोन्ही थोडं थोडं द्यायचं. जास्त दिलं की घसरतं."

तिला हसू आलं. पण तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. ती उठली, तळवा गुडघ्यावर दाबत गाडीपर्यंत गेली आणि गाडीचा दांडा धरून ताठ उभी राहिली. साहेब हार घालायला पुढे आले. फोटोवाला म्हणाला, "बाई, बसा. उभ्या राहिलात तर कळत नाही."

"काय कळत नाही?"

"म्हणजे फोटोत. उभ्या माणसाला गाडी कशाला दिली असं वाटतं."

ती बसली. "पाय जरा पुढे घ्या. तो नाही, दुसरा." साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते तिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील.

घरी यायला तिला साडेतीन तास लागले. भाऊ शेजारून चालत होता. दंडातून कळा येत होत्या, पण त्यानं ढकलू का विचारलं की ती नाही म्हणायची. बापानं गाडीभोवती फिरून हात लावला. नट, चेन, सीटची पट्टी. "कारखान्याचं काम आहे," म्हणाला. "तुटणार नाही." आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

*

मशीनचं हँडल भावानं सरळ करून आणलं. शिवणबाई पुन्हा वस्त्यांवर जाऊ लागली. दिवसाला दोन वस्त्या व्हायच्या तिथं एक. रात्री भावजय तिच्या दंडांना तेल लावून द्यायची. कडी आता लावत नसे.

पण सायकलवर असताना तिचं तोंड बायकांच्या तोंडासमोर यायचं. आता ती कमरेएवढी झाली. बायका वाकून बोलू लागल्या, आणि वाकून बोललं की आवाज बदलतो. बाहीवरून हुज्जत घालणाऱ्या, टाका उसवून परत घालायला लावणाऱ्या बायका आता म्हणायच्या, "असू दे गं, चालेल." पंपवाल्याच्या बायकोनं तिच्यापुढे फाटक्या चादरी टाकल्या आणि न मागता आतून जेवणाचं ताट आणलं.

"पोलकी नाहीत का या वेळी?" तिनं विचारलं.

"ती बाजाराच्या शिंप्याकडे टाकली. म्हटलं, तुला कशाला त्रास?"

पंपवाल्याची लेक नवं पोलकं घालून अंगणातून गेली. काखेत कापड ओढत होतं, पाठीवर चुणी पडली होती. शिवणबाई बघत राहिली. मग चादर ओढून घेतली आणि ठिगळ लावायला बसली. ताटाला तिनं हात लावला नाही. परत निघताना पंपवाल्याच्या बायकोनं ताटातलं जेवण केळीच्या पानात बांधून गाडीच्या मागच्या पेटीत ठेवलं. सांगितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर पेटी उघडली तेव्हा ते आंबलं होतं.

अकरा वस्त्यांवर थोड्याफार फरकानं असंच. नवं कापड कुणी पुढे करेना.

एक वस्ती राहिली होती. माळावरची. तिथं जायला लांबलचक चढ होता. सायकल होती तेव्हा ती नागमोडी चढायची, उजवा पाय पट्ट्यात ओढत. तीनचाकी तिथं चढणार नाही हे तिला माहीत होतं. पण वर पाण्याचा टँकर जायचा, आणि टँकरवाला ओळखीचा होता. दोर बांधून ओढून नेईन असं मागेच म्हणाला होता.

ती नऊ वाजता चढाच्या पायथ्याशी पोचली. सावली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन बसली. दहा वाजले असतील, टँकर आला नाही. माणूस आलं नाही. एरवी या रस्त्यानं सरपणवाल्या बायका, मेंढरं, कुणी ना कुणी असायचं. बारा वाजता गाडीचं लोखंड हाताला चटका देऊ लागलं. बाटलीतलं पाणी संपलं. मागं फिरायचं तर दोन तासांचा रस्ता होता आणि मधे पाण्याचं एकही घर नव्हतं. वर निदान घरं होती.

ती उतरली. आजूबाजूला बघितलं. मग गाडीच्या मागं गेली, पाठीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग त्यावर टाकून ढकललं. गाडी हातभर पुढे गेली. हात गाडीवर, त्यामुळे गुडघा दाबायला हात उरला नाही. वाळका पाय मागून फरफटत येऊ लागला, अंगठा दगडांवरून घासू लागला. हातभर ढकलायचं, ब्रेक ओढायचा, श्वास घ्यायचा. दोनदा गाडी मागं आली आणि पोटात दांडा बसला. मधेच चप्पल तुटली ती तिनं तिथंच टाकली. अर्ध्या चढावर मशीन उतरवून ठेवावं असं मनात आलं, पण मशीनशिवाय वर जाऊन करायचं काय? घाम डोळ्यांत जात होता. आपण कशा दिसत असू हा विचार कुठंतरी खाली राहिला होता.

वर पोचली तेव्हा ऊन कललं होतं. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घराला कुलूप. तिसऱ्याला नुसती कडी, आणि कडीला कापडाची चिंधी बांधलेली. अंगणं झाडलेली नव्हती. कोंबडी नाही, कुत्रं नाही. टाकीत तळाला वाळकी पानं. गल्लीच्या टोकाच्या घराचं दार तेवढं उघडं होतं आणि उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती.

"पाणी आहे का, आजी?"

म्हातारीनं आत बोट दाखवलं. "रांजणात. गाळून घे."

शिवणबाईनं दोन तांबे पाणी पिऊन तोंडावर हात फिरवला. "सगळी कुठं गेली?"

"गेली कामाला. कालव्याखाली. टँकर बंद झाला तशी गेली. आठ दिवस झाले."

"आणि तुम्ही?"

"घर कोण बघणार?" म्हातारी म्हणाली. मग थोडं थांबून, "ट्रकमध्ये जागा नव्हती. सून म्हणाली, पुढच्या खेपेला नेऊ."

म्हातारी तिच्या पायाकडे बघत होती. अंगठ्यातून रक्त आलं होतं, त्यावर माती बसली होती.

"मी वरून बघत होते तुला," ती म्हणाली. "किती वेळ लागला गं."

"हो."

"मध्येच बसली असतीस तर मला काही खाली उतरता आलं नसतं. नुसतं बघत बसावं लागलं असतं." तिनं भिंतीला धरून उठायला सुरुवात केली. "तू शिवतेस ना? ती सायकलवाली तूच."

"मीच."

म्हातारी आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेलं कापड होतं. कोरं, गर्द जांभळं, घडीच्या रेघेवर रंग किंचित उडालेलं. "लेकीनं दिलं होतं. कुठं जायचं झालं तर घालीन म्हणून ठेवलं. पोलकं शिव."

शिवणबाईनं कापड हातात घेतलं. अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिलं. कित्येक दिवसांत हातात नवं कापड आलं नव्हतं. तिनं गळ्यातली मापाची पट्टी काढली. "उभ्या राहा. हात जरा वर."

म्हातारीच्या काखेत हाडांचे खड्डे होते. छातीचं माप पट्टीच्या अर्ध्यावरसुद्धा गेलं नाही. "जुन्या पोलक्यापेक्षा लहान येईल," शिवणबाई म्हणाली. "बरोबर मापाचं करू का?"

"जरा ढिलं ठेव. जेवणाखाण्याला लागले की भरेल अंग."

"शिवण आत जास्त ठेवते. मग उसवून मोठं करता येईल."

"आणि बाही कोपरापर्यंत. आखूड मला चालत नाही. मागच्या वेळी एका बाईनं आखूड केली होती, मी तिच्याकडून उसवून घेतली."

"कोपराच्या खाली बोटभर करते."

"बोटभर नको. बरोबर कोपरावर."

"बरं."

तिनं मशीन उतरवून उंबऱ्यावर ठेवलं, कापड जमिनीवर पसरलं आणि खडूनं रेघ मारली. गल्लीत दुसरा आवाज नव्हता. म्हातारी शेजारी बसून टाका टाका बघत होती. एकदा म्हणाली, "इथं वाकडं जातंय." शिवणबाईनं निरखून पाहिलं. खरंच दोराभर वाकडं गेलं होतं. तिनं ती शिवण उसवली आणि पुन्हा घातली.